नागपुरात राहून शहरी परागवाहक कीटकांवर संशोधन : एम.एस्सी.नंतर वाट कोणती आणि फील्डवर्क कसं करायचं?

सेमिनरी_हिल्स_२२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय, शेवटचं वर्ष. शहरातल्या बागा, रस्त्याकडेची झाडं, गच्चीवरच्या कुंड्या इथे येणाऱ्या परागवाहक कीटकांवर पुढे पीएच.डी. करायची आहे आणि जमलं तर हेच आयुष्यभराचं काम करायचं आहे. मधुपालनाचा व्यवसाय नाही, संशोधनच.

अडचणी तीन. मधमाश्यांवरच्या बऱ्याच जागा कृषी कीटकशास्त्रवाल्यांना जातात असं ऐकतो, मग प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यानं कुठे बघायचं? दुसरं, चौथ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी महाराजबाग, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्स यांची तुलना करायचं डोक्यात आहे. वेळ डिसेंबर ते मार्च, हाताशी दुचाकी, मोबाइल आणि विभागातला एक स्टिरिओ मायक्रोस्कोप. हे पुरेल का, पद्धत कोणती धरू? आणि तिसरं, परवानगी कोणाकोणाची लागते, कीटकांची ओळख कशी पटवायची? आत्ता ऑक्टोबर लागतोय, म्हणजे तयारीला दोन महिने आहेत.

करंजफुली

आधी पदवीचं बोलते, कारण तिथे गफलत झाली की नंतर सावरता येत नाही.

कृषी विद्यापीठं आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था यांच्या कायम जागांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा कृषी कीटकशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी मागतात. प्राणिशास्त्राची एम.एस्सी. तिथे छाननीतच बाद होते, मग काम कितीही चांगलं असो. त्यांची नेट ही पात्रता परीक्षाही वेगळी, ती एएसआरबी (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) घेते. तुमची नेट म्हणजे सीएसआयआर-यूजीसीची जीवविज्ञान शाखेची. दोन्हींचं नाव एकच असल्यानं मुलं चुकीच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं घेऊन बसतात, म्हणून स्पष्ट लिहिलं. मात्र याच कृषी संस्थांत प्रकल्पापुरत्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) किंवा प्रोजेक्ट असिस्टंटच्या ज्या जागा निघतात, त्यांत पुष्कळदा प्राणिशास्त्र चालतं. नागपूरपुरतं बोलायचं तर केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), या तिघांच्या संकेतस्थळावरचं भरतीचं पान दर आठवड्याला उघडायची सवय लावा. थेट मुलाखतीच्या जाहिरातींना मुदत फार कमी असते.

‘शहरी परागवाहक संशोधक’ या नावाचं पद कुठेही नसतं. पद असतं परिसंस्था, कीटक वर्गीकरण, वर्तन, भूदृश्य परिस्थितिकी किंवा पीक परागीभवन या नावानं. आपला विषय त्यात बसवायचा असतो. म्हणून गाईड शोधताना ‘शहर’ आणि ‘मधमाशी’ हे दोन्ही शब्द एकाच प्रयोगशाळेत शोधू नका. बंगळुरूच्या एट्री या संशोधन संस्थेत परिस्थितिकी आणि माणसांचा वावर यांवर काम चालतं, तिथल्याच एनबीएआयआरमध्ये (राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) कीटकांचं वर्गीकरण. तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत मधमाश्यांच्या दृष्टीवर आणि वर्तनावर काम होतं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची, १९६२ पासूनची. पुण्यालाच आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, ओळख पक्की करून घ्यायला त्याचा आधार होतो.

पैशाचं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ, सहायक प्राध्यापक अधिक पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. शेवटच्या दोन गटांतले गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि प्रवेशात नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. म्हणून निकाल हातात आल्यावर गाईड शोधायला लागू नका, सहा महिने आधी लागा. जेआरएफ हुकली तरी राज्याच्या फेलोशिप आहेत. प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. त्यांना आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते, हा क्रम लक्षात ठेवा. गेटचा ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ हा पेपर देऊन ठेवा, काही संस्था त्यावरून मुलाखतीला बोलावतात.

विद्यापीठाबाहेरचं काम म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार कंपन्या. नॅबेट या मंडळाची मान्यता असलेल्या कंपनीला ‘परिस्थितिकी व जैवविविधता’ या क्षेत्राचा तज्ज्ञ दाखवावाच लागतो. त्यांच्या अहवालांत झाडं आणि पक्षी भरपूर असतात, कीटकांचं पान उसनवारीवर भरलेलं दिसतं. माश्यांची प्रजातीपर्यंत ओळख ज्याला जमते त्याला इथे काम आहे. पण तिथे वेळापत्रक कंपनीचं असतं. मार्चमध्ये तीन दिवस द्या आणि यादी करा, असं होतं. संशोधनाची भूक त्यावर भागणार नाही.

गाईडला पहिला ई-मेल पाठवाल तेव्हा निसर्गाची आवड वगैरे चार ओळी नकोत. कोणता कीटकगट, ओळख कुठल्या पातळीपर्यंत करता येते, किती नमुने लेबल लावून ठेवलेत, माहितीचा तक्ता दाखवता येईल का आणि कोणतं सॉफ्टवेअर येतं, हे पाच ओळींत. चौथ्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट याच पाच ओळींसाठी करायचा.

कंबरमोडी

करंजफुली ताईंनी करिअरचं नीट मांडलं, मी फील्डवर्कचं घेतो.

महाराजबाग, अंबाझरी, सेमिनरी हिल्स ही तुलना सोडून द्या. तीन जागा म्हणजे आकडेशास्त्राच्या दृष्टीनं तीनच नमुने. महाराजबागेत माश्या कमी दिसल्या तर ते बाजूच्या सिमेंटमुळे, पाणी दिलेल्या हिरवळीमुळे, फुलांच्या जातीमुळे की बागेच्या वयामुळे, हे त्यातून कधीच सुटत नाही. प्रत्येक बागेत पन्नास वेळा मोजलं तरी बागा तीनच राहतात. त्यात फुलं वेगवेगळी. एकीकडे टेकोमा आणि इक्झोरा, दुसरीकडे घाणेरी आणि एकदांडी, म्हणजे मोजता आहात ते कीटक की फुलं?

त्यापेक्षा फूल सगळीकडे एकच ठेवा आणि जागा वाढवा. चार महिन्यांत बसणारा उपाय म्हणजे मुळ्याच्या कुंड्या.

मुळाच का, ते सांगतो. मुळ्याचं फूल स्वतःच्या परागानं फळत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग कीटकानंच आणावा लागतो. म्हणून शेंगेत भरलेले दाणे हा कीटकांच्या कामाचा थेट हिशेब होतो. टोमॅटो-वांगी तितकी उपयोगी नाहीत, वाऱ्यानं हललं तरी त्यांना थोडीफार फळं धरतात. शिवाय मुळ्याचं फूल उघडं आहे, सातेरीपासून (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) हॉव्हरफ्लायपर्यंत (मधमाशीसारखी दिसणारी, फुलांवर घिरट्या घालणारी माशी) सगळ्यांना चालतं.

बियाणं देशी, सरळ वाणाचं घ्या. ‘पुसा चेतकी’ चालेल. संकरित बियाणं घेऊ नका, कारण काही संकरित वाणांत परागच तयार होत नाही आणि मग सगळा प्रयोग वाया. युरोपीय लांब मुळेही नकोत, त्यांना फुलायला कडक थंडी लागते. आठ इंची पिशव्या किंवा कुंड्या, माती आणि कुजलेलं शेणखत दोनास एक. नुसती काळी माती भरलीत तर पाणी धरून बसेल आणि सुकल्यावर कडेनं भेगा पडतील, थोडी रेती मिसळा. पहिली पेरणी आत्ता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी पंधरा दिवसांनी. एका पेरणीचा फुलोरा तीन-चार आठवडे टिकतो, दुसरी पेरणी नसेल तर तुमच्या शेवटच्या फेऱ्यांना फुलंच उरणार नाहीत. साधारण दोन महिन्यांत फुलं लागतात. प्रत्येक ठिकाणी किमान चार झाडं एकत्र ठेवा. एकटं ठेवलेलं झाड कीटक असूनही रिकामं राहील, कारण परकं पराग येणार कुठून?

ठिकाणं बारा घ्या. सीताबर्डी-इतवारीसारख्या दाट भागापासून विद्यापीठ परिसर आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत, सिमेंट कमी-जास्त होत जाईल अशी. दोन ठिकाणांत एक किलोमीटरहून जास्त अंतर. सार्वजनिक बागेत कुंडी टिकत नाही. शाळा, कॉलेज, ओळखीच्यांचं आंगण, पहिल्या मजल्यापर्यंतची गच्ची अशी जागा बघा जिथे कोणीतरी रोज पाणी घालेल. मांडणीच्या दिवशीच घरच्यांना सांगा की डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) भाजीला तोडायच्या नाहीत आणि कसलंही औषध फवारायचं नाही.

निरीक्षण असं करा. एक बैठक दहा मिनिटांची, घड्याळ लावून. सुरू करण्याआधी चार झाडांवरची उघडी फुलं मोजून लिहा. कीटकाच्या अंगाचा परागकोश किंवा कुक्षी यांना स्पर्श झाला तरच ‘भेट’ धरा. वरून घिरट्या घालून गेला तो नाही. देठाच्या बाजूनं मध चोरणारा वेगळ्या रकान्यात. सुतार भुंगा टेकोमाच्या नळीला बाहेरून चीर पाडून मध पितो आणि परागाला शिवतही नाही. फुलावर दिसला म्हणून तो परागवाहक ठरत नाही, आणि परीक्षक हेच पहिलं विचारतात.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या गारठ्यात सकाळी आठला माश्या बाहेर पडत नाहीत. नऊ, अकरा, एक आणि तीन अशा चार वेळा घ्या. फुलोरा मार्चपर्यंत लांबला तर ऊन चढतं, तेव्हा सगळं दीड-दोन तास अलीकडे ओढा. परदेशी पद्धतींत किमान तापमानाची अट असते, आपल्याकडे कमाल तापमानाची अट लागते, आणि ती कुठे असावी हे नोंदींतून शोधणं हाच एक चांगला प्रश्न आहे. फुलोरी (झुडपांत उघडं पोळं करणारी छोटी मधमाशी) भर उन्हात काम करते, सातेरी आधीच आवरतं घेते. दर बैठकीला फुलाच्या उंचीवर सावलीतलं तापमान लिहायचं, हवामान ॲपवरचं नाही. सिमेंटच्या रस्त्याकडेला आणि झाडीत त्या दोन आकड्यांत मोठा फरक पडतो.

एका दिवसात जवळजवळची तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी चार वेळा. चार दिवसांत बारा ठिकाणांची एक फेरी. सहा फेऱ्या म्हणजे २४ दिवस, २८८ बैठका, ४८ तासांचं निव्वळ निरीक्षण. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हे भरपूर झालं. फक्त क्रम दर फेरीला बदला. सीताबर्डी नेहमी पहिली आणि विद्यापीठ नेहमी शेवटी घेतलंत तर फरक जागेचा की वेळेचा, सांगता येणार नाही.

दर ठिकाणी प्रत्येक झाडाची एक फांदी मच्छरदाणीच्या कापडानं झाका, आत तारेचं कडं घालून, म्हणजे कापड फुलांना टेकणार नाही. टेकलं तर माशी बाहेरूनही सोंड घालते. उघडी वीस आणि झाकलेली वीस फुलं लोकरीच्या रंगीत धाग्यानं खूण करून ठेवा. झाकलेल्या फांदीवर शेंगा जवळजवळ भरू नयेत. भरल्याच तर कापड फाटलंय किंवा मुंग्या आत शिरल्यात.

जानेवारीत मावा येणार हे धरूनच चाला. साबण-औषध न मारता पाण्याच्या बारीक धारेनं धुवा, सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी. काही हॉव्हरफ्लायच्या अळ्या मावा खातात, त्यामुळे मावा असलेल्या कुंडीवर माद्या अंडी घालायला येतात आणि तुमचा हॉव्हरफ्लायचा आकडा उगाच फुगतो.

रंगीत वाट्यांचे सापळे वापरायचे असतील तर जोड म्हणून, मुख्य पद्धत म्हणून नाही. निळी, पिवळी, पांढरी अशी प्रत्येक रंगाची वाटी, पाऊण भरून पाणी, बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब म्हणजे पाण्याचा ताण मोडतो आणि कीटक बुडतो. सकाळी नऊला मांडून तीनला उचला. गवताखाली दडलेली वाटी रिकामी राहते, फुलांच्या उंचीवर हवी. यात छोट्या हॅलिक्टिड (हॅलिक्टिडी कुळातल्या, एकट्या राहणाऱ्या) माश्या खूप पडतात, आग्या (मोठी रानटी मधमाशी) आणि सुतार भुंगा जवळजवळ नाहीत. आजूबाजूला फुलोरा दाट असेल तर वाटीत कमी पडतात. हे माहीत नसलं की भरगच्च बाग गरीब ठरते आणि ओसाड प्लॉट श्रीमंत. कुत्री, साळुंक्या ते पाणी पितात आणि सफाईवाले वाटी उचलून टाकतात, म्हणून मराठीत चिठ्ठी चिकटवा.

सेमिनरी_हिल्स_२२

दादा, मुळ्याचं डोक्यातही आलं नव्हतं. तीन बागांचा विचार सोडला. आता ओळख आणि परवानगी यांबद्दल कोणी सांगेल का? निरीक्षण करताना माशी उडून जाते, मग प्रजाती कशी लिहायची? आणि पेरणी लांबली तर दुसरं काही?

कीटकपेटी

उडत्या माशीला प्रजातीचं नाव द्यायचंच नाही. बैठकीत गट लिहा, प्रजाती पकडलेल्या नमुन्यांवरून ठरवा. गट हे पुरतील : आग्या, सातेरी, फुलोरी, पोयाची (डंख नसलेली) माशी, सुतार भुंगा, निळ्या पट्ट्यांची अमेजिला, पानकापी माशी, छोट्या हॅलिक्टिड, हॉव्हरफ्लाय, इतर घरमाशीसारख्या माश्या, गांधीलमाशी, फुलपाखरं. हॉव्हरफ्लाय हमखास मधमाशी म्हणून लिहिली जाते. तिला पंखांची एकच जोडी, मिशा आखूड, डोळे डोकंभर. फुलोरी आणि सातेरी यांत फुलोरी बरीच लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. बैठका सुरू करण्याआधी आठवडाभर नुसता सराव करा, मोबाइलवर फोटो काढून स्वतःलाच तपासा.

नमुने बैठकीबाहेरच्या वेळी जाळीनं घ्या, कुंडीपासून थोडं दूर, नाहीतर तुम्हीच मोजणीतल्या माश्या कमी कराल. प्रत्येक गटाचे पाच-दहा पुरे. आग्या-सातेरीचे दोन-तीनच, त्यांची ओळख सोपी आहे. मारायला रुंद तोंडाची काचेची बाटली, तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, त्यावर इथाइल ॲसिटेटचे काही थेंब. जास्त ओतलंत तर बाटली आतून ओली होते, माशीची लव चिकटते आणि ओळखीच्या खुणा जातात. लव चिकटलीच तर कोमट साबणपाण्यात हलवून, मग अल्कोहोलमध्ये बुडवून, केस वाळवायच्या यंत्राच्या मंद हवेवर फुलवा.

टाचणी माशीच्या छातीच्या मध्यापासून किंचित उजवीकडे, म्हणजे डावी बाजू आणि मधली रेघ शाबूत राहते. माशी पाच-सहा मिलिमीटरहून लहान असेल तर कागदी त्रिकोणाच्या टोकाला बाजूनं चिकटवा. लेबल त्याच दिवशी : ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कोणत्या फुलावर, कोणी पकडली. फूल लिहायचं राहिलं तर आपल्या विषयासाठी तो नमुना निम्मा गेला. डीएनएसाठी काही नमुने ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो संस्थेच्या नावावर असतो. तेव्हा आजच विभागप्रमुखांना विचारा, डिसेंबरमध्ये विचाराल तर मार्च उजाडेल. पेटीत नवा नमुना ठेवण्याआधी आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, नाहीतर संग्रह खाणाऱ्या अळ्या सगळा भुगा करतात. जूनपासून सिलिका जेल टाका आणि ते दर पंधरवड्याला बदला, आपल्याकडे पावसाळ्यात पेटीत बुरशी येतेच.

कुळापर्यंतची ओळख तुमच्या स्टिरिओ मायक्रोस्कोपवर होते. पराग गोळा करायची लव पोटाच्या खालच्या बाजूला असेल तर मेगॅकिलिडी. पुढच्या पंखातली बेसल शीर ठळक वाकलेली असेल तर हॅलिक्टिडी. मधमाशीच्या मागच्या पायाच्या नळीला काटे नसतात आणि पंखाच्या कडेचं घर लांबलचक असतं. हॉव्हरफ्लायच्या पंखात मध्येच एक खोटी शीर तरंगते, तेवढ्यावर कुळ ठरतं. प्रजातीसाठी आपल्याकडे अजून १८९७ च्या बिंगहॅमच्या खंडापर्यंत मागे जावं लागतं. त्यातली निम्मी-अधिक नावं बदललीत, त्यामुळे तिथलं नाव जसंच्या तसं लिहू नका, आजचं वैध नाव शोधून मगच लिहा. खात्री नसेल तर ‘लॅसिओग्लॉसम, प्रजाती १’ असं लिहिणं पूर्ण शास्त्रीय आहे. चुकीचं पक्कं नाव मात्र दहा वर्षं दुसऱ्यांच्या याद्यांत फिरत राहतं. म्हणूनच नमुना जपायचा, म्हणजे चूक पुढे कोणालाही दुरुस्त करता येते.

परवानग्या. खासगी आंगण किंवा शाळा असेल तर लेखी संमती, विभागाच्या पत्रासह. महापालिकेच्या बागा उद्यान विभागाकडे, काही बागा नागपूर सुधार प्रन्यासकडे, महाराजबाग डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाकडे. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आणि सेमिनरी हिल्सचं जंगल वन विभागाचं, तिथे एकही कीटक पकडायचा तर त्यांची लेखी परवानगी हवी, आणि तिला महिने लागतात. फुलपाखरं पकडूच नका, फोटोवर थांबा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत अनेक फुलपाखरं आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या याद्या बदलल्यात. नमुने परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायचे झाले तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, प्रक्रिया तिथे जाऊन विचारता येते, ही आपली मोठी सोय. वायुसेनानगरच्या बाजूला कॅमेरा बाहेर काढू नका.

आग्यामोहोळाचंही सांगून ठेवते. पाण्याच्या टाक्या आणि उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली पोळी असतात. ठिकाण ठरवताना वर बघा, पोळं दिसलं तर ती जागा बदला. अत्तर आणि काळे कपडे टाळा. माश्या उठल्या तर हात न झटकता चेहरा झाकून सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरा, तळ्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत राहतात.

बफर_५००

नकाशा आणि आकड्यांपुरतं थोडक्यात.

बारा ठिकाणांभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून त्यात बांधकामाचा टक्का मोजा. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रंही फुकट. नकाशा आधी अंशांतून मीटरमध्ये, म्हणजे यूटीएम ४४ उत्तर पट्ट्यात बदला, सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ३२६४४. अंशांतच ठेवून ५०० टाकलंत तर बफर (ठिकाणाभोवतीचं वर्तुळ) ५०० अंशांचा होतो. ५०० मीटर त्रिज्येचं क्षेत्र साधारण ७८.५ हेक्टर यायला हवं, तेवढं आलं की बरोबर. २५० आणि १,००० मीटरही काढा, पण तिन्ही एकाच प्रारूपात घालू नका, ते एकमेकांशी बांधलेले असतात. कोणता मुख्य, ते माहिती गोळा करण्याआधी कागदावर लिहून ठेवा. बारा ठिकाणांवर भूदृश्याचा एकच घटक पेलतो, फार तर दोन.

तक्त्यात एक बैठक एक ओळ. एकही कीटक आला नाही ती बैठकही शून्य लिहून नोंदवायची. शून्याच्या ओळी गाळल्यामुळे सरासरी फुगलेले प्रबंध पुष्कळ आहेत. विश्लेषण ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये, ग्लिमटीएमबी (glmmTMB) पॅकेजनं : भेटी हे उत्तर, बांधकामाचा टक्का, तापमान आणि तापमानाचा वर्ग (तापमान गुणिले तापमान) ही कारणं, फुलांच्या संख्येचा लॉग ऑफसेट म्हणून (म्हणजे भेटी दर फुलामागे मोजल्या जातात), ठिकाण आणि तारीख यादृच्छिक परिणाम म्हणून, वितरण निगेटिव्ह बायनॉमियल. तापमानाचा वर्ग घातल्याशिवाय दुपारचा उतार दिसत नाही. छोट्या माश्यांचं विश्लेषण वेगळं करा. त्या काहीशे मीटरच फिरतात, आग्या कित्येक किलोमीटर जाते, तिच्यासाठी तुमची बारा ठिकाणं स्वतंत्र नाहीतच.

कंबरमोडी

पेरणी लांबल्यास : ऑक्टोबरअखेरपर्यंत चालेल, फुलोरा जानेवारीत सरकेल एवढंच. नोव्हेंबर मधोमध गेला तर मुळ्याचा नाद सोडून रोपवाटिकेतून सब्जाची फुललेली रोपं घ्या. त्यावर भेटी छान मोजता येतात, पण बियांचा हिशेब सोडून द्यावा लागतो. तिसरा पर्याय शेवग्याचा. जानेवारी-फेब्रुवारीत शहरभर आंगणात फुललेला असतो, झाकलेल्या आणि उघड्या घोसांची तुलना जमते, फक्त झाडाचं वय आणि छाटणी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती नोंदवा.

मुळा जमला तर डिंगऱ्या पिवळ्या पडायला लागल्या की काढा. त्या तडकून बी उडवत नाहीत, त्यामुळे दोन-चार दिवस उशीर चालतो, पण पार वाळल्या तर साल दाण्याला चिकटून मोजणं अवघड जातं. ठिकाण, झाड, उघडी की झाकलेली, हे लिहिलेल्या कागदी पाकिटात वेगवेगळ्या ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. ब्लेडनं उभी चिरून भरलेले दाणे आणि सुकून राहिलेली बीजांडं दोन्ही मोजा. शेंगच धरली नाही त्या फुलाचा देठ धाग्यासकट फांदीवर राहतो, तो शून्य म्हणून त्याच तक्त्यात.